जुन्या अमेरिकन रेल्वेची चलचित्रे पाहताना

घाटमाथा (धागालेखक)

डिसेंबर १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील वायसॉक्स या गावाजवळ एडिसन कंपनीच्या माणसांनी लीहाय व्हॅली रेल्वेच्या रुळांलगत कॅमेरा उभा केला आणि 'ब्लॅक डायमंड एक्स्प्रेस' समोरून येताना टिपली. हे चित्रण एका मिनिटाचेही नाही. पुढे रुळांची दुरुस्ती करणारी टोळी दिसते, दूरवर एक काळा ठिपका उगवतो, टोळी बाजूला सरते आणि गाडी चौकटीच्या कडेने निघून जाते. ही गाडी त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झाली होती. न्यूयॉर्क ते बफेलो या वाहतुकीत तिची स्पर्धा न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या 'एम्पायर स्टेट एक्स्प्रेस'शी होती, आणि त्या गाडीचे चित्रण एडिसनच्या प्रतिस्पर्धी बायोग्राफ कंपनीने ऑक्टोबरमध्येच न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांसमोर आणले होते. म्हणजे अमेरिकन रेल्वेच्या अगदी पहिल्या चलचित्रांमागे दोन रेल्वे कंपन्यांची आणि दोन चित्रपट कंपन्यांची चढाओढ उभी आहे.

अशी चित्रणे आता जालावर सहज पाहता येतात आणि आपल्यातले अनेक जण ती आवडीने पाहतात. माझे म्हणणे एवढेच आहे की कॅमेरा कोणी, कशासाठी आणि कोणत्या फितीवर चालवला हे विचारत पाहिले, तर समोरचे दृश्य कितीतरी अधिक बोलू लागते. ते न विचारता पाहिले, तर त्या काळाविषयी चुकीच्या समजुती पक्क्या होत जातात.

सुरुवातीची चित्रणे टिकली कशी, हा भाग मला फार विलक्षण वाटतो. १९१२ पूर्वी अमेरिकेच्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात चलचित्राला स्वतंत्र स्थान नव्हते. त्यामुळे कंपन्या संपूर्ण फीत छायाचित्राच्या कागदाच्या लांब गुंडाळीवर छापत आणि ती छायाचित्र म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करत. मूळ, सहज पेट घेणाऱ्या नायट्रेट फिती पुढे जळाल्या, कुजल्या किंवा त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी नष्ट केल्या गेल्या, पण कागद शिल्लक राहिला. १९५० च्या दशकात केम्प नायव्हर यांनी त्या गुंडाळ्यांवरून एकेक चौकट पुन्हा टिपत तीन हजारांच्या आसपास चित्रणे १६ मिलिमीटरच्या फितीवर उतरवली आणि या कामासाठी त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीने सन्मानित केले. आज जालावर दिसणाऱ्या त्या काळातील अनेक गाड्या अशा कागदावरून परत आलेल्या आहेत. त्यांतला खरखरीतपणा त्या कागदाच्या पोताचाही आहे.

या संग्रहात बायोग्राफचे कॅमेरामन बिली बिट्झर यांनी केलेली दोन चित्रणे प्रत्येकाने पाहावीत. पहिले १९०३ मधील कोलोरॅडोच्या जॉर्जटाउन लूपचे. डोंगर चढण्यासाठी रूळ स्वतःवरूनच उंच पुलाने ओलांडून जातात असा हा मार्ग १८८४ मध्ये पुरा झाला, १९३९ मध्ये उखडून भंगारात गेला आणि १९८४ मध्ये पुन्हा उभारला गेला. आज तिथे जाणाऱ्याला दिसतो तो नवा पूल. मूळ पुलावरची गाडी पाहायची तर हीच काही क्षणांची फीत पाहावी लागते. दुसरे १९०५ मधील न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे, चौदाव्या रस्त्यापासून बेचाळिसाव्या रस्त्यापर्यंतचे. ही रेल्वे ऑक्टोबर १९०४ मध्ये सुरू झालेली होती. भुयारात चित्रणापुरता उजेड नव्हता, म्हणून पुढची गाडी टिपण्यासाठी मागच्या गाडीच्या तोंडावर कॅमेरा बसवला आणि शेजारच्या रुळावरून दिवे लावलेली तिसरी गाडी बरोबरीने चालवली. खांबांमधून झिरपत सरकणारा तो प्रकाश त्या तिसऱ्या गाडीचा आहे.

त्यानंतरचा मोठा साठा रेल्वे कंपन्यांनी स्वतः काढलेल्या प्रचारपटांचा आहे. १९३० च्या मंदीत प्रवासी मोटारींकडे वळत होते आणि त्यांना परत आणण्यासाठी कंपन्यांना वेग आणि ऐश्वर्य दाखवायचे होते. २६ मे १९३४ रोजी बर्लिंग्टन रेल्वेची चकचकीत पोलादी झेफायर गाडी डेन्व्हरहून पहाटे निघून १,०१५ मैलांचे अंतर १३ तास ५ मिनिटांत कापत शिकागोला पोहोचली. हा प्रवास मुळातच लोकांनी पाहावा म्हणून आखलेला होता. १९३८ मध्ये हेन्री ड्रायफस यांनी रूप दिलेली 'ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड' आली, तिच्या प्रवाशांसाठी फलाटावर अंथरला जाणारा लाल गालिचाही तितकाच प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क सेंट्रलने नव्या रूपातील एम्पायर स्टेट एक्स्प्रेस मोठ्या थाटात सुरू केली तो दिवस मात्र ७ डिसेंबर १९४१ हा निघाला, आणि पर्ल हार्बरच्या बातमीपुढे त्या गाडीकडे लक्ष द्यायला कोणाला सवड उरली नाही.

प्रचारपटांत काय दिसत नाही, हेही पाहावे. शयनयानात पांढऱ्या कोटातला कृष्णवर्णीय पोर्टर हसतमुखाने बिछाना घालताना दिसतो. त्याला प्रवासी त्याच्या नावाने न हाक मारता शयनयाने चालवणाऱ्या पुलमन कंपनीच्या संस्थापकाच्या नावावरून सरसकट 'जॉर्ज' म्हणत, त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग बक्षिसीवर अवलंबून असे, आणि ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये स्थापन झालेल्या पोर्टरांच्या संघटनेला कंपनीशी करार करण्यासाठी १९३७ पर्यंत झगडावे लागले, यातले काहीही त्या चौकटीत नाही. दक्षिणेकडच्या गाड्यांत कृष्णवर्णीयांसाठी वेगळे डबे असत. प्रचारपटाचा कॅमेरा त्या डब्यांकडे वळत नाही. ते हसू पाहताना ही माहिती जवळ असावी, असे मला मनापासून वाटते.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत मौल्यवान साठा हौशी मंडळींचा आहे. कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची फीत आणली आणि ती पहिल्यापासून सहज पेट न घेणाऱ्या ॲसिटेटची होती, म्हणून घराच्या माळ्यावर पडूनही ती टिकली. १९३५ मध्ये कोडाक्रोम ही रंगीत फीत आली. डेन्व्हरचे टपालवाटप करणारे ऑटो पेरी यांनी आयुष्यभर रेल्वेची हजारो छायाचित्रे काढली आणि चलचित्रेही घेतली. त्यांची छायाचित्रे आज डेन्व्हरच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. त्यांच्यासारख्यांनी ती साधी मालगाडी टिपली, जिच्याकडे कंपनीच्या कॅमेऱ्याने वळूनही पाहिले नसते.

मात्र हौशी चित्रणालाही स्वतःची बंधने आहेत. सुरुवातीच्या कोडाक्रोमची प्रकाशग्रहणक्षमता अवघी १० च्या आसपास होती. भर उन्हाशिवाय, तेही सूर्य पाठीशी असल्याशिवाय, चित्रण होत नसे. म्हणून वाफेच्या युगातील रंगीत चित्रणात सदैव निळे आकाश आणि सोनेरी ऊन असते. रात्रीचे यार्ड, पावसातली चढण, पहाटे इंजिनाची राख काढणारे मजूर हे जवळजवळ नाहीतच. त्यात आणखी एक गोष्ट आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात शौकिनांसाठी खास गाड्या निघत. ठरलेल्या जागी सगळे उतरत, गाडी मागे घेतली जाई आणि मग ती जोरात धूर काढत कॅमेऱ्यांसमोरून पुन्हा आणली जाई. तो काळाकुट्ट धूर मुद्दाम केलेला असे. रोजच्या चालनात काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेला, वाया गेलेला कोळसा, आणि त्याबद्दल इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फायरमनला बोलणी बसत. एखाद्या चित्रणात धूर फारच देखणा असेल, तर मी आधी डब्यांच्या खिडक्या पाहतो. त्या रिकाम्या असतील, तर प्रवासी रुळांशेजारी रांगेत उभे आहेत असे समजायला हरकत नाही.

कोयनाकाठ

लेख अतिशय आवडला. धुराविषयीचा मुद्दा वाचल्यावर काल रात्री पाहिलेले एक चित्रण पुन्हा लावून पाहिले, आणि खिडक्या खरोखरच रिकाम्या आहेत. एक प्रश्न आहे. या रंगीत चित्रणांमध्ये इंजिनाचा आवाज इतका स्वच्छ कसा असतो? एवढ्या जुन्या हौशी कॅमेऱ्यांमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय होती का?

अवलोकिता

कोयनाकाठ, बहुतेक वेळा नव्हती. मी जुन्या फिती साफ करण्याचे आणि त्यांच्या नव्या प्रती काढण्याचे काम काही वर्षे केले आहे, त्या आधाराने सांगते. हौशी १६ आणि ८ मिलिमीटरचे कॅमेरे मूक असत, आणि ते चावीवर चालत. बोलेक्ससारख्या चांगल्या कॅमेऱ्याची चावी पूर्ण भरली, तरी अर्ध्या मिनिटाच्या आत ती उतरे. ऐंशी डब्यांची मालगाडी एका तुकड्यात का दिसत नाही, मध्येच ती उडी मारल्यासारखी का वाटते, याचे उत्तर या चावीत आहे. आज ऐकू येणारा आवाज व्हिडिओ कॅसेटच्या काळात किंवा त्यानंतर, दुसऱ्याच इंजिनाच्या ध्वनिमुद्रणावरून जोडलेला असतो.

तो जोडलेला आहे हे ओळखायचे साधे गणित आहे. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेरीला वाफेचे चार फटकारे येतात. न्यूयॉर्क सेंट्रलच्या हडसन इंजिनाची मोठी चाके ७९ इंच व्यासाची, म्हणजे एका फेरीत ते जवळपास पावणेएकवीस फूट पुढे जाते. ताशी ८० मैलांच्या वेगाला चाक सेकंदाला साडेपाचहून अधिक फेऱ्या घेते आणि फटकारे सेकंदाला बावीसच्या पुढे जातात. एवढे फटकारे कानाला सुटे ऐकू येतच नाहीत. त्यांची एकसंध गर्जना होते. म्हणून वेगात पळणाऱ्या एक्स्प्रेसखाली संथ, सुटा 'छुक्‌ छुक्‌' असेल, तर तो नंतर चिकटवला आहे हे निश्चित समजावे. युनियन पॅसिफिकच्या 'बिग बॉय'सारख्या जोडइंजिनाची गोष्ट याहून सुंदर आहे. त्यात चाकांचे दोन स्वतंत्र संच असतात आणि त्यांचे फटकारे कधी एकात एक मिसळतात, कधी सुटे होतात. हा चढउतार ज्या आवाजात नाही, तो आवाज बिग बॉयचा नव्हे.

खरा आवाज ऐकायचा असेल तर ओ. विन्स्टन लिंक यांची ध्वनिमुद्रणे शोधावीत. नॉरफोक अँड वेस्टर्न ही मोठ्या रेल्वेंपैकी सर्वांत शेवटपर्यंत, म्हणजे १९६० पर्यंत, वाफेवर गाड्या चालवणारी कंपनी. लिंक यांनी १९५५ पासून तिची रात्रीची छायाचित्रे अनेक दिव्यांचा एकाच वेळी झगमगाट करून काढली, आणि त्याच वेळी आवाजही मुद्रित केले. १९५७ पासून त्यांच्या तबकड्याही निघाल्या. कोडाक्रोमला जी रात्र टिपता आली नाही, ती त्यांच्या छायाचित्रांत आणि तबकड्यांत आहे. व्हर्जिनियातील रोआनोक येथे त्याच रेल्वेच्या जुन्या स्थानकात त्यांच्या कामाचे संग्रहालय आहे.

स्टेशनमास्तर_भुसावळ

धागा वाचून समाधान झाले. मी आयुष्यभर गाड्या चालवण्याच्या खात्यात नोकरी केली, त्यामुळे ही चित्रणे पाहताना माझी नजर इंजिनापेक्षा माणसांवर जाते. एक दृश्य अनेक फितींत आहे आणि ते सहज सुटून जाते. एकेरी मार्गावरील लहान स्थानकात कर्मचारी रुळाच्या अगदी कडेला उभा असतो, हातात लांब दांड्याचे रिंगण उंच धरलेले असते, आणि न थांबणाऱ्या गाडीच्या इंजिनातून कोणीतरी हात बाहेर काढून ते उचलतो. त्यात पातळ कागदावर लिहिलेला हुकूम असतो: समोरच्या गाडीला कोणत्या स्थानकात बाजू द्यायची, कुठे थांबायचे. थोड्या वेळाने शेवटच्या डब्यातील गार्डसाठी तो दुसरे रिंगण धरतो. आमच्याकडे एकेरी मार्गावर टोकनची पिशवी वेताच्या रिंगणात अडकवून धावत्या गाडीला देत असत, त्या वेळी हाताला बसणारा हिसका ज्याला ठाऊक आहे त्याला या चित्रणातील माणसाची उभे राहण्याची पद्धत पाहूनच तो किती अनुभवी आहे हे समजते. मात्र दोन्ही पद्धतींत मोठा फरक आहे. टोकन हातात असले की पुढचा भाग मोकळा असल्याची यंत्राने दिलेली हमी असते. अमेरिकेत ती हमी मुख्यतः कागदावरील शब्दांची आणि दूर बसून गाड्यांचे नियोजन करणाऱ्या डिस्पॅचरच्या हिशेबाची होती. हुकूम वाचण्यात चूक झाली तर समोरासमोर टक्कर, अशी ती व्यवस्था होती, आणि ती दशकानुदशके चालली.

दुसरे दृश्य टपालाच्या डब्याचे. धावत्या डब्याच्या दारातील लोखंडी हात खांबाला टांगलेली थैली ओढून घेतो आणि त्याच क्षणी आतला कारकून दुसरी थैली बाहेर भिरकावतो. १९६७ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने बहुतेक गाड्यांवरील हे काम काढून घेतले. प्रवाशांच्या तिकिटांवर न भागणारा खर्च टपालाच्या उत्पन्नातून भागत होता. तेही गेल्यावर अनेक नामांकित गाड्या पुढच्या तीनचार वर्षांत बंद पडल्या आणि १ मे १९७१ रोजी उरलेल्या बहुतेक गाड्या सरकारी पाठबळाच्या ॲमट्रॅक या नव्या प्रवासी रेल्वे कंपनीकडे गेल्या. त्या थैलीचे चित्रण पाहताना मला नेहमी वाटते की त्या गाडीचे पोट त्या थैलीत आहे.

कल्याण_शेड

काकांचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. माझ्याकडून एक छोटीशी भर. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अमेरिकन डिझेल गाड्यांच्या चित्रणांत ॲल्को कंपनीची इंजिने दिसली, की कल्याण किंवा पुण्याच्या शेडजवळ वाढलेल्या माणसाला ती ओळखीची वाटतात. आपली डब्ल्यूडीएम-२ ही डिझेल इंजिने १९६२ पासून ॲल्कोकडून आली, १९६४ पासून वाराणसीत बनू लागली आणि त्यांच्या पोटात ॲल्कोचेच २५१ जातीचे यंत्र होते. खुद्द ॲल्कोने १९६९ मध्ये स्केनेक्टडी येथील कारखान्यात इंजिने बांधणे बंद केले, आपल्याकडे मात्र तो वंश नंतर कित्येक दशके वाढत राहिला. वाफेच्या बाबतीतही असेच आहे. डब्ल्यूपी वर्गाची पहिली सोळा इंजिने १९४७ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या बाल्डविन कारखान्यातून आली होती.

नवा_चष्मा

सर्वांचे म्हणणे आदराने वाचले, तरी एक वेगळे मत मांडतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने रंगवलेली आणि सेकंदाला साठ चौकटी केलेली जुनी चित्रणे अनेकांना भेसळ वाटतात. माझ्या घरी ऐंशीच्या पुढचे वडील आणि दहा वर्षांची मुलगी आहेत. धक्के खाणारी, ओरखड्यांनी भरलेली कृष्णधवल फीत दोघांनाही दोन मिनिटांपलीकडे पाहवत नाही. तीच फीत सुधारून समोर आली की दोघे प्रश्न विचारू लागतात: हा माणूस डब्याच्या टपावर का चालतो आहे, ही पाण्याची टाकी कशासाठी आहे. कुतूहल जागे होत असेल तर थोडी भेसळ स्वीकारायला काय हरकत आहे?

घाटमाथा (धागालेखक)

आपल्या वडिलांनी आणि मुलीने विचारलेले प्रश्न मलाही महत्त्वाचे वाटतात, आणि ज्या मार्गाने ते सुचले त्या मार्गाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. पण नेमके काय बदलते ते पाहू या.

पहिली बाब वेगाची. मूक काळात चित्रण साधारण सेकंदाला सोळा ते अठरा चौकटींनी होई, आणि हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात ते चित्रकाराच्या हातावर अवलंबून असे. तीच फीत चोवीस चौकटींनी दाखवली की माणसे तुरुतुरु चालतात आणि गाडी दीडपट वेगाने पळते. सुधारणा करणाऱ्याने मूळ वेग शोधून मग मधल्या चौकटी भरल्या तर ठीक. पण बहुतेक ठिकाणी आधीच चुकीच्या वेगाच्या प्रतीवर काम केलेले असते. शिवाय मधल्या चौकटी कल्पनेने भरलेल्या असतात. अवलोकिताताईंनी दिलेला हिशेब पुढे नेला तर ताशी ८० मैलांना, सोळा चौकटींच्या चित्रणात, हडसनचे चाक एका फेरीत तीन वेळाही टिपले जात नाही. चाके जोडणारा दांडा वर होता की खाली, हे मूळ फितीलाच पुरते माहीत नाही. संगणक तिथे जी सुबक हालचाल दाखवतो, ती त्याने रचलेली असते. ज्याला इंजिनाची चाल अभ्यासायची आहे, त्याची इथे पूर्ण दिशाभूल होते.

दुसरी बाब रंगाची. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्रास वापरली जाणारी फीत तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती; तांबडे सगळे काळपट आणि निळे सगळे फिकट दिसे. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे डबे गडद विटकरी तांबडे असत. त्या फितीवर ते काळे दिसतात, आणि संगणक त्यांना करडे किंवा हिरवट करतो. मिलवॉकी रेल्वेचे नारिंगी आणि मरून, युनियन पॅसिफिकचा पिवळा, सदर्न पॅसिफिकच्या 'डेलाइट' गाडीचे तांबडे, नारिंगी आणि काळे पट्टे, हे रंग ही त्या त्या कंपनीची ओळख होती, आणि तीच पुसली जाते. ज्या मुलीने आज हिरवा डबा पाहिला ती उद्या खरा डबा संग्रहालयात पाहील तेव्हा तिला तोच खोटा वाटेल. म्हणून माझी विनंती अशी की रंगवलेली आवृत्ती दाखवल्यानंतर, निदान एकदा, १९४० च्या दशकातील अस्सल कोडाक्रोम तिला दाखवावे. तिथे रंग खरे आहेत, हालचाल खरी आहे, आणि पाहायला तिला कंटाळा येणार नाही याची मला खात्री वाटते.

अवलोकिता

एक तांत्रिक पुस्ती जोडते, कारण हा रंग का टिकला हे अनेकांना माहीत नसते. लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडोव्स्की या दोन संगीतकारांनी शोधलेल्या कोडाक्रोममध्ये फितीत रंग घडवणारी द्रव्ये नसतातच. ती धुण्याच्या वेळी बाहेरून दिली जातात. त्यामुळे अंधारात ठेवलेली फीत सत्तर वर्षांनीही ताजी असते. अपवाद १९३८ पूर्वीच्या फितींचा. धुण्याची पद्धत त्या वर्षी सुधारली गेली आणि त्याआधीच्या पुष्कळशा फिती उडाल्या. याउलट १९५० नंतरच्या अनेक प्रचारपटांच्या प्रती दुसऱ्या प्रकारच्या रंगीत फितीवर निघाल्या, आणि त्यांतला निळा-हिरवा उडून आज सगळे गुलाबी दिसते. हौशी माणसाची मूळ फीत कंपनीच्या खर्चिक प्रचारपटापेक्षा आज चांगली दिसते, ती यामुळे.

नवा_चष्मा यांच्या मुद्द्याबाबत माझी अपेक्षा एवढीच आहे की सुधारलेल्या आवृत्तीखाली मूळ प्रतीचा ठावठिकाणा स्पष्ट दिलेला असावा. लायब्ररी ऑफ काँग्रेस, नॅशनल आर्काइव्ह्ज आणि इंटरनेट आर्काइव्हवरील प्रेलिंगर संग्रह या तिन्ही ठिकाणी मूळ प्रती विनामूल्य पाहता येतात. युनिव्हर्सलची १९२९ ते १९६७ या काळातील वार्तापटांची मालिकाही नॅशनल आर्काइव्ह्जकडे आहे. जानेवारी १९५२ मध्ये 'सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को' ही गाडी सिएरा नेवाडातील बर्फात २२६ माणसांसह तीन दिवस अडकली होती, तशा घटना वार्तापटाच्या नजरेतून आणि नंतर रेल्वे कंपनीच्या नजरेतून पाहिल्या की धागालेखकांचा मूळ मुद्दा आपोआप स्पष्ट होतो.

रेवती_क

मी या विषयात नवखी आहे, पण धागा वाचून एक मदत मागावीशी वाटली. माझे मोठे मामा १९६९ मध्ये शिक्षणासाठी पेनसिल्व्हेनियात गेले. त्यांनी काढलेल्या सुपर ८ च्या काही फिती मामींनी माझ्याकडे दिल्या आणि मी त्यांची डिजिटल प्रत करून घेतली. एका फितीत डोंगराच्या कुशीतले खूप मोठे वळण आहे आणि शेजारापाजारी चार रूळ आहेत. वळणाच्या मध्यभागी बागेसारखी जागा असून तिथे वाफेचे एक काळे इंजिन उभे आहे, ते हलत नाही. काळ्या रंगाची डिझेल इंजिने मालगाडी ओढत नेतात, त्यांच्यावर एकमेकांत गुंतलेली दोन पांढरी अक्षरे आहेत. शेवटी एक प्रवासी गाडी येते, तिचे डबे मात्र वेगवेगळ्या रंगांचे आहेत. मामांनी डबीवर तारीख लिहिलेली नाही. हे ठिकाण कोणते आणि वर्ष साधारण कोणते असेल, हे सांगता येईल का?

पिट्सबर्गकर

रेवतीताई, ठिकाण ओळखणे सोपे आहे. हे अल्टूनाजवळचे हॉर्सशू कर्व्ह. पेनसिल्व्हेनिया रेल्वेने ॲलेगेनी डोंगर ओलांडण्यासाठी १८५४ मध्ये हे वळण सुरू केले. आजही जड मालगाड्यांना इथे पुढेमागे जादा इंजिने लावावी लागतात, आपल्याकडे कर्जत-लोणावळा घाटात बँकर लावतात तशी. मी इथून दोन तासांच्या अंतरावर राहतो आणि पाहुणे आले की त्यांना तिथे घेऊन जातो.

आता वर्ष. बागेत उभे असलेले इंजिन १३६१ क्रमांकाचे, पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या के-४ वर्गाचे आहे. ते १९५७ ते १९८५ या काळात तिथे होते. चौथा रूळ १९८१ मध्ये काढला गेला, म्हणजे चित्रण त्याआधीचे. गुंतलेली दोन पांढरी अक्षरे ही पेन सेंट्रलची खूण. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल या जन्माच्या प्रतिस्पर्धी कंपन्या फेब्रुवारी १९६८ मध्ये एक झाल्या, १९७० मध्ये ही नवी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि एप्रिल १९७६ मध्ये तिचा कारभार सरकारने उभारलेल्या कॉनरेल या कंपनीकडे आला. अक्षरे नंतरही काही काळ इंजिनांवर राहिली, पण निळी कॉनरेल इंजिने एकही दिसत नसतील तर १९७६ पूर्वीचे मानायला हरकत नाही. रंगीबेरंगी डब्यांमुळे आणखी नेमके सांगता येते. ॲमट्रॅकने मे १९७१ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे जुने डबे एकत्र करून गाड्या चालवायला घेतल्या आणि सगळ्यांना एकसारखा रंग द्यायला काही वर्षे लागली. म्हणून माझा अंदाज १९७१ ते १९७५ असा आहे. झाडांना भरपूर पालवी असेल तर उन्हाळा.

एक विनंती. प्रवासी गाडीच्या इंजिनाचा रंग कोणता आहे ते कृपया थांबवून पाहावे. तेही पेन सेंट्रलचे काळेच असेल, तर चित्रण या काळाच्या सुरुवातीकडे सरकते.

रेवती_क

मनःपूर्वक आभार. आत्ताच पाहिले. प्रवासी गाडीची दोन्ही इंजिने काळीच आहेत आणि त्यांवर तीच अक्षरे आहेत. झाडे दाट हिरवी आहेत. मामींना विचारले, तर मामांनी पहिली गाडी १९७२ मध्ये घेतली आणि त्या उन्हाळ्यात ते मित्रांबरोबर डोंगराकडे गेले होते, असे त्यांना आठवते.

पिट्सबर्गकर

मग १९७२ चा उन्हाळा अगदी जुळतो. काळ्या इंजिनांमागे सरमिसळ रंगांचे डबे, हा त्या दोनतीन वर्षांपुरताच दिसलेला प्रकार आहे आणि त्या काळात तो कुरूप वाटल्यामुळे फार कमी लोकांनी त्यावर फीत खर्च केली. आपल्या मामांची फीत त्या दृष्टीने खरोखर महत्त्वाची आहे.

अवलोकिता

रेवतीताई, डिजिटल प्रत झाली तरी मूळ फीत टाकून देऊ नये. डबी उघडून वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ॲसिटेट विघटित होऊ लागले आहे. ती फीत इतर फितींपासून वेगळी ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर अधिक चांगल्या दर्जाची प्रत करून घ्यावी. वास नसेल तर कोरड्या, थंड जागी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात नको, खालच्या कप्प्यात ठेवावी. डबीवर आता ठिकाण, अंदाजे वर्ष आणि मामांचे नाव पेन्सिलीने लिहावे. अल्टूना येथे रेल्वे कामगारांच्या स्मृतींना वाहिलेले संग्रहालय आहे. मामींची संमती असेल तर एक प्रत त्यांना देऊ करण्याविषयी जरूर विचार करावा.